ओम्बुड्समन: सरकारवर नजर ठेवणारं पद आणि त्याचं बदलतं काम – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरकारी कार्यालयाने अर्ज दाबून ठेवला, चुकीचा निर्णय दिला किंवा उत्तरच दिलं नाही, तर कोर्टाची पायरी न चढता दाद मागता येते का? या मुद्द्याभोवती आमच्याकडे सतत प्रश्न येतात. नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी प्राथमिक आहेत, मग अडचणीचे. एखाद्या मुद्द्याचं उत्तर दुसरीकडे असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. ओम्बुड्समन म्हणजे नक्की कोण? साध्या भाषेत सांगा.

सरकारी यंत्रणेविरुद्धच्या नागरिकांच्या तक्रारी तपासणारा स्वतंत्र अधिकारी. बहुतेक देशांत त्याची निवड संसद करते आणि तो संसदेलाच अहवाल देतो. तक्रारीला फी नसते, वकील लागत नाही. तो खात्याकडून फाइल मागवतो, त्यातली टिपणं आणि शेरे वाचतो, अधिकाऱ्यांना जाब विचारतो आणि काय चुकलं, ते कसं सुधारायचं हे लिहून देतो.

त्याचा मुख्य विषय गैरकारभार. दिरंगाई, टोलवाटोलवी, चुकीची माहिती देणं, कागद हरवणं, कारण न देता नकार, दोन सारख्या प्रकरणांत दोन वेगळे न्याय. या गोष्टी दर वेळी बेकायदा असतातच असं नाही, पण माणसाला हैराण करायला पुरेशा असतात. बहुतेक ठिकाणी ओम्बुड्समन हुकूम देत नाही, शिफारस करतो. मग उपयोग काय, हे प्रश्न ७ मध्ये पाहा.

२. हे पद आलं कुठून?

स्वीडनमधून. राजा बारावा चार्ल्स लढाईतल्या पराभवानंतर ऑटोमन साम्राज्यात अडकून पडला होता. आपल्या गैरहजेरीत अधिकारी नीट वागतात की नाही हे पाहायला त्याने १७१३ मध्ये एक सर्वोच्च ओम्बुड्समन नेमला. पण तो राजाचा माणूस होता. खरा बदल १८०९ च्या राज्यघटनेने केला: देखरेख करणारा आता संसदेचा माणूस झाला. पहिली निवड १८१० मध्ये झाली.

त्यानंतर शतकभर हे पद स्वीडनबाहेर गेलं नाही. फिनलंडने ते १९२० मध्ये सुरू केलं. जगभर पसरलं ते मात्र डेन्मार्कचं रूप. १९५५ मध्ये तिथे स्टेफान हुरविट्झ पहिले ओम्बुड्समन झाले. स्वीडनचा ओम्बुड्समन अधिकाऱ्यावर खटला भरू शकतो. डेन्मार्कचा तपासतो, टीका करतो, सुचवतो. हे सौम्य रूप इतर देशांना पचनी पडलं. १९६२ मध्ये न्यूझीलंडने, १९६७ मध्ये ब्रिटनने कायदा केला. आज शंभराहून अधिक देशांत कुठल्या ना कुठल्या नावाने हे पद आहे.

३. कोर्ट आहे, आमदार-खासदार आहेत. मग हे वेगळं पद कशाला?

कोर्ट निर्णय कायद्यात बसतो का ते पाहतं. निर्णय कायद्यात चपखल बसतो, पण तो देताना माणसाला दोन वर्षं हेलपाटे घालायला लावले, अशा प्रकरणात कोर्टाकडे फारसं काही नसतं. शिवाय भरपाईच्या रकमेपेक्षा वकिलाची फी जास्त होते. लोकप्रतिनिधी पत्र लिहितो, फोन करतो, पण खात्याची अंतर्गत फाइल उघडायला लावण्याचा अधिकार त्याला नसतो.

ओम्बुड्समनकडे तो अधिकार असतो, आणि आमच्या मते या पदाची सगळी ताकद तिथेच आहे. नकाराच्या पत्रात 'नियमानुसार' एवढंच लिहिलेलं असतं. नियम कोणी, कधी, कसा लावला हे फाइलमधल्या टिपणांत असतं.

४. भारतातला लोकपाल म्हणजेच ओम्बुड्समन ना?

घराणं एकच, पण काम बरंच वेगळं. १९६६ मध्ये पहिल्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने केंद्रात लोकपाल आणि राज्यांत लोकायुक्त नेमण्याची शिफारस केली, तेव्हा डोळ्यांसमोर नागरिकांची गाऱ्हाणीही होती. विधेयकं १९६८ पासून येत-जात राहिली. अखेर २०१३ चा कायदा झाला, तो १६ जानेवारी २०१४ ला लागू झाला आणि पहिला लोकपाल मार्च २०१९ मध्ये नेमला गेला.

या प्रवासात गाऱ्हाणं मागे पडलं आणि भ्रष्टाचार उरला. आजचा केंद्रीय लोकपाल भ्रष्टाचाराच्या आरोपांची चौकशी करतो. 'माझं निवृत्तिवेतन आठ महिने अडलं आहे' ही तक्रार त्याच्या कक्षेत येत नाही, जोपर्यंत त्यात लाचेचा आरोप नाही. त्याच कायद्यात खोटी तक्रार केल्याचं सिद्ध झालं तर एक वर्षापर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. डेन्मार्कच्या धर्तीवरच्या संस्थेत सामान्य तक्रारदाराला असा धाक नसतो. राज्यांचं चित्र एकसारखं नाही. उदाहरणार्थ, महाराष्ट्राने १९७१ मध्ये केलेल्या लोकायुक्त कायद्यात गाऱ्हाणं आणि आरोप अशा दोन्ही प्रकारच्या तक्रारींची सोय होती.

आमचं स्पष्ट मत असं, की भ्रष्टाचाराविरुद्धची यंत्रणा हवीच, पण तिने गाऱ्हाण्याची जागा खाऊ नये. लाच मागितली गेली नाही, फक्त कोणी लक्ष दिलं नाही, असा अनुभव घेणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे.

५. बँकेचा, विम्याचा, वृत्तपत्राचाही ओम्बुड्समन असतो. तो हाच का?

नाही. बँक किंवा विम्याचा ओम्बुड्समन ग्राहक आणि कंपनी यांच्यातले तंटे सोडवतो. वृत्तपत्रात किंवा विद्यापीठात याच नावाचं पद असेल, तर ते बहुधा त्या संस्थेनेच नेमलेलं असतं. या पानावर जिथे ओम्बुड्समन म्हटलं आहे, तिथे सरकारी कारभार तपासणारा एवढाच अर्थ घ्यावा.

६. तक्रार करण्याआधी काय तयारी लागते?

आधी त्या खात्याकडेच लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. 'त्यांना आधी संधी दिली होती का?' हा जवळपास सगळीकडे पहिला प्रश्न असतो. तिथून उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, की मग ओम्बुड्समन.

मुदत पाहा. डेन्मार्क आणि ब्रिटनमध्ये साधारण एक वर्ष, युरोपीय संघाच्या ओम्बुड्समनकडे दोन वर्षं. ब्रिटनमध्ये आणखी एक अडसर आहे: सरकारी खात्याविरुद्धची तक्रार खासदारामार्फतच जावी लागते. १९६७ मध्ये खासदारांचं महत्त्व कमी होऊ नये म्हणून घातलेली ही अट आजही तशीच आहे. ती कधीच जायला हवी होती. ज्याला खासदाराच्या कार्यालयापर्यंत पोहोचणं जमत नाही, त्याच्यासाठीच तर हे पद आहे.

तक्रारीचा मजकूर छोटा ठेवा. 'अधिकारी उद्धट आहेत, सगळा सावळा गोंधळ आहे' याचं तपासनीस काही करू शकत नाही. त्याऐवजी असं लिहा: '३ मार्चला अर्ज दिला, आवक क्रमांक अमुक. १० एप्रिलला उत्पन्नाचा दाखला पुन्हा मागितला, तो १२ एप्रिलला दिला. २० जूनला दाखला मिळाला नाही या कारणाने अर्ज नामंजूर. १२ एप्रिलची पोच सोबत जोडली आहे.' एवढ्या चार ओळींवरून फाइलमध्ये नेमकं कुठलं पान शोधायचं हे वाचणाऱ्याला कळतं. शेवटी तुम्हाला काय हवं ते एका वाक्यात सांगा: अर्जाचा फेरविचार, पैसे, माफी किंवा नियमात बदल.

७. नुसत्या शिफारशीने काय होतं? सरकार ऐकतं तरी का?

हा आमच्याकडे सर्वाधिक येणारा प्रश्न. उत्तर असं, की बहुतेकदा ऐकतं, आणि कधीकधी महत्त्वाच्या वेळी ऐकत नाही.

ऐकल्याचं जुनं उदाहरण ब्रिटनचं. नाझी छळाला बळी पडलेल्यांसाठी पश्चिम जर्मनीने १९६४ मध्ये ब्रिटनला दहा लाख पौंड दिले होते. साक्सनहाउझेन छळछावणीत कैद भोगलेल्या काही जणांना परराष्ट्र खात्याने त्यातून भरपाई नाकारली. कारण काय, तर त्यांना मुख्य छावणीत नव्हे, तिच्या लगतच्या विशेष विभागात ठेवलं होतं. पहिले ओम्बुड्समन एडमंड कॉम्प्टन यांनी फाइल उघडली. खात्याने अपुऱ्या माहितीवर मत बनवलं होतं आणि पुढे आलेला पुरावा नीट तपासला नव्हता, असं त्यांनी १९६७ च्या अखेरीस लिहिलं. परराष्ट्रमंत्र्यांना ते आवडलं नाही, तरी भरपाई द्यावी लागली. पद नवं होतं, हातात हुकमाचा अधिकार नव्हता. पण छापील अहवाल संसदेपुढे होता.

न ऐकल्याचं उदाहरणही तिथलंच. महिलांचं निवृत्तिवेतनाचं वय वाढवताना १९५० च्या दशकात जन्मलेल्या महिलांना वेळेत कळवलं नाही, असं ओम्बुड्समनने म्हटलं आणि मार्च २०२४ मध्ये १,००० ते २,९५० पौंडांच्या भरपाईची शिफारस केली. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने चूक मान्य केली, माफी मागितली आणि भरपाई नाकारली.

ब्रिटनच्या न्यायालयांनी एक मर्यादा घालून दिली आहे: ओम्बुड्समनचा निष्कर्ष मंत्र्याला फेटाळायचा असेल, तर ठोस कारणं द्यावी लागतात. 'आमचं मत वेगळं आहे' एवढं पुरत नाही. मात्र हे झालं निष्कर्षाबद्दल. भरपाई द्यायची की नाही, यावर सरकारला बरीच मोकळीक उरते.

८. मग शिफारस सरळ बंधनकारकच का करत नाहीत?

काही देशांनी तसं केलं आहे. फिलिपिन्समध्ये १९८७ च्या राज्यघटनेने हे पद आणलं आणि १९८९ च्या कायद्याने त्याला खटला चालवण्यापर्यंत अधिकार दिले. दक्षिण आफ्रिकेची गोष्ट तर मुळातून समजून घेण्यासारखी आहे. तिथे या पदाला लोकसंरक्षक म्हणतात. राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा यांच्या न्कांडला इथल्या खासगी घरावर सुरक्षेच्या नावाखाली झालेल्या खर्चाची चौकशी थुली मादोन्सेला यांनी केली. जलतरण तलाव, गुरांचा गोठा, कोंबड्यांचं खुराडं, प्रेक्षागृह, अभ्यागतांसाठी केंद्र, हे सगळं 'सुरक्षा' म्हणून बांधलेलं होतं. २०१४ च्या अहवालात त्यांनी सांगितलं, की यातल्या वाजवी भागाचे पैसे राष्ट्राध्यक्षांनी परत करावेत. दोन वर्षं टाळाटाळ झाली. ३१ मार्च २०१६ रोजी घटना न्यायालयाने निकाल दिला: लोकसंरक्षकाने सांगितलेला उपाय कोर्टाने रद्द करेपर्यंत बंधनकारक आहे. झुमांना सुमारे ७८ लाख रँड भरावे लागले.

हे वाचून सगळीकडे असंच व्हावं असं वाटणं साहजिक आहे. तरी आम्ही सरसकट त्या बाजूचे नाही. निर्णय बंधनकारक झाला की समोरचं खातं पहिल्या दिवसापासून वकील घेऊन येतं. फाइल मोकळेपणाने दाखवली जात नाही, प्रत्येक पत्र तोलून मापून येतं, आणि तक्रारदाराला अखेर कोर्टाइतकाच वेळ लागतो. राष्ट्राध्यक्षांच्या घराच्या चौकशीत बंधन हवं. अडलेल्या निवृत्तिवेतनाच्या शेकडो प्रकरणांत मात्र एक फोन आणि एक नेमकं पत्र अधिक लवकर काम करतं. आम्हाला हवी असलेली सक्ती दुसरी आहे: शिफारस नाकारणाऱ्या मंत्र्याने ठरलेल्या मुदतीत संसदेपुढे उभं राहून कारणं सांगावीत आणि त्यावर चर्चा व्हावी.

९. 'ओम्बुड्समनची भूमिका बदलली' असं म्हणतात. नेमकं काय बदललं?

एका माणसाच्या एका तक्रारीपासून सुरुवात झाली होती. आता त्याच चुकीची मुळं शोधणं हे मुख्य काम होत चाललं आहे. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात २००५ मध्ये ओम्बुड्समनने नवजात बाळांच्या तपासण्यांची चौकशी केली. शेजारचे प्रदेश अनेक आजारांसाठी रक्त तपासत होते, ओंटारियोत फक्त दोन आजारांसाठी तपासणी होत होती. मुलं अशा आजारांनी दगावत होती, जे वेळेत कळले असते तर आटोक्यात आले असते. कुठल्याही एका कारकुनाने नियम मोडला नव्हता. जुन्या धाटणीचा तपासनीस 'गैरकारभार नाही' असा शेरा मारून फाइल बंद करू शकला असता. या अहवालानंतर तपासण्यांची संख्या कितीतरी वाढली. एका तक्रारीचं उत्तर आणि व्यवस्थेची चौकशी यांतला फरक समजून घ्यायला आम्हाला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

दुसरा बदल मानवी हक्कांचा. हुकूमशाहीतून बाहेर पडलेल्या देशांनी हे पद घेतलं ते जनतेचा रक्षक म्हणून. पोर्तुगालने १९७५ मध्ये, स्पेनने १९७८ च्या राज्यघटनेत. स्पेनचा जनरक्षक एखाद्या कायद्याविरुद्ध थेट घटना न्यायालयात जाऊ शकतो. पोलंडने तर १९८७ मध्ये, कम्युनिस्ट राजवट असतानाच, असा कायदा केला. तिसरा बदल बंद दारांआडच्या जागांचा: संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी कराराला २००२ मध्ये जोडलेल्या पूरक करारानंतर अनेक देशांत तुरुंग, कोठड्या आणि मनोरुग्णालयांना न सांगता भेट देण्याचं काम ओम्बुड्समनकडे आलं. कोठडीतला माणूस सहसा तक्रार लिहून पाठवत नाही, म्हणून तपासनीसाने तिथे जावं लागतं. शिवाय न्यूझीलंडसारख्या देशात १९८२ च्या कायद्यानुसार सरकारी माहिती नाकारल्याच्या तक्रारीही त्याच्याकडेच जातात.

१०. म्हणजे कोणी तक्रार केली नसली, तरी ते स्वतःहून चौकशी करू शकतात?

बऱ्याच देशांत हो. स्वीडन, डेन्मार्क, न्यूझीलंड, युरोपीय संघ, सगळीकडे हा अधिकार आहे. वेल्स आणि उत्तर आयर्लंडच्या ओम्बुड्समनला तो अलीकडे मिळाला. ब्रिटनच्या संसदीय ओम्बुड्समनला अजून नाही. नवा कायदा करणाऱ्या कुणालाही आम्ही सांगू, की बाकी काही कमी-जास्त झालं तरी चालेल, पण हे कलम सोडू नका. सर्वांत जास्त भरडली जाणारी माणसं सर्वांत कमी तक्रार करतात.

११. निर्णय संगणकाने दिला असेल तर जबाबदार कोण? इथे ओम्बुड्समनचा उपयोग होतो का?

जबाबदार खातंच. यंत्राने दिलेला निर्णयही खात्याचाच निर्णय असतो. उपयोग होतो का, याचं उत्तर दोन प्रकरणांत मिळतं.

नेदरलँड्समध्ये पाळणाघराच्या खर्चासाठी पालकांना सरकारी भत्ता मिळतो. करखात्याने फसवणुकीच्या संशयावरून २३२ कुटुंबांचा भत्ता बंद केला. संशय त्यांच्या मध्यस्थ संस्थेवर होता, शिक्षा सरसकट सगळ्यांना. पालकांना सांगितलं गेलं की कागद अपुरे आहेत. कुठला कागद कमी आहे, हे मात्र सांगितलं नाही. त्यांनी सगळे कागद पुन्हा पाठवले, पुन्हा तेच उत्तर. राष्ट्रीय ओम्बुड्समनने २०१७ च्या अहवालात हे सगळं मांडलं आणि भरपाई द्या असं सुचवलं. तेव्हा फारसं कोणी हललं नाही. पुढे कळलं, की हजारो कुटुंबं भरडली गेली होती आणि संशयित निवडणाऱ्या संगणकीय पद्धतीत नागरिकत्वाचाही निकष होता. जानेवारी २०२१ मध्ये या प्रकरणावरून अख्ख्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. अहवाल जवळपास साडेतीन वर्षं आधी टेबलावर होता.

ऑस्ट्रेलियाचं प्रकरण अधिक अस्वस्थ करणारं आहे. तिथे भत्ता घेणाऱ्यांच्या वार्षिक उत्पन्नाचे यंत्राने सारखे पंधरवडे पाडले आणि 'तुम्ही जास्त पैसे घेतले' म्हणून वसुलीच्या नोटिसा पाठवल्या. हंगामी काम करणाऱ्याचं उत्पन्न प्रत्येक पंधरवड्याला सारखं कसं असेल? ओम्बुड्समनने २०१७ मध्ये चौकशी केली. नोटिशींची भाषा, मदतवाहिनी अशा सुधारणा सुचवल्या. मूळ पद्धत कायदेशीर आहे का, या प्रश्नाला हात घातला नाही. सरकार मग त्याच अहवालाची ढाल करत राहिलं. २०२३ मध्ये शाही आयोगाने नोंदवलं, की खात्यांनी ओम्बुड्समनचीच दिशाभूल केली होती.

म्हणून संगणकीय पद्धत तपासताना खात्याने लिहून दिलेलं वर्णन पुरेसं मानू नये. सूत्र पाहावं, कायदेशीर सल्ल्याचे मूळ कागद पाहावेत, आणि दोन-चार खरी प्रकरणं हाताने हिशेब करून पडताळावीत. त्यासाठी कार्यालयात वकिलांच्या जोडीला संगणक आणि आकडे जाणणारी माणसं हवीत.

१२. मंत्री, न्यायाधीश, पोलीस: कोणाविरुद्ध तक्रार चालते?

देशागणिक फरक पडतो. डेन्मार्कमध्ये मंत्री कक्षेत आहेत, न्यायालयं नाहीत. स्वीडनमध्ये उलट: न्यायालयांच्या कामकाजावर देखरेख आहे, मंत्री बाहेर. तिथे सरकारी संस्था मंत्र्यांच्या थेट हुकमाखाली नसतात, हे त्यामागचं कारण. निकाल बदलून देणं मात्र कुठल्याच ओम्बुड्समनचं काम नाही. न्यायालयं कक्षेत असली तरी निकालाला झालेला उशीर किंवा वागणूक एवढंच तो पाहतो. पोलीस काही देशांत कक्षेत असतात, काही ठिकाणी त्यांच्यासाठी वेगळी संस्था असते.

१३. सरकारी सेवा खासगी ठेकेदाराकडे दिली असेल तर?

सेवा सार्वजनिक असेल, तर ती कोण पुरवतो याने फरक पडू नये. युरोप परिषदेला घटनात्मक बाबींवर सल्ला देणाऱ्या व्हेनिस आयोगाने २०१९ मध्ये या पदासाठी २५ तत्त्वं मांडली. खासगी संस्थांमार्फत दिल्या जाणाऱ्या सार्वजनिक सेवाही कक्षेत याव्यात असं त्यांत म्हटलं आहे. प्रत्यक्षात अनेक कायदे जुने आहेत, त्यांत ठेकेदाराचं नाव नसतं. अशा वेळी ठेकेदाराऐवजी ठेका देणाऱ्या खात्याविरुद्ध तक्रार लिहा: 'देखरेखीत कसूर केली' असा मुद्दा मांडा.

१४. पगार सरकारी तिजोरीतूनच मिळतो. मग हा माणूस स्वतंत्र कसा?

निवड कशी होते, मुदत किती, मधेच काढता येतं का आणि कार्यालयाचा खर्च कोण ठरवतं, या चार गोष्टी तपासा. निवड मोठ्या बहुमताने व्हावी, म्हणजे विरोधकांनाही मान्य माणूस येतो. खर्चाला कात्री लावणं ही शिक्षा देण्याची सर्वांत शांत पद्धत आहे. माणसाला कोणी हात लावत नाही, फक्त तपासनिसांच्या जागा रिकाम्या राहतात.

मुदत संपतानाचा काळही नाजूक असतो. पोलंडमध्ये आदाम बोदनार यांची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली. संसदेच्या दोन्ही सभागृहांचं नव्या नावावर एकमत होईना, म्हणून कायद्यातल्या तरतुदीनुसार ते काम पाहत राहिले. एप्रिल २०२१ मध्ये घटना न्यायाधिकरणाने ती तरतूदच घटनाबाह्य ठरवली. उत्तराधिकारी येईपर्यंत जुना माणूस राहील, हे राज्यघटनेतच लिहिलेलं बरं.

१५. नाव न देता तक्रार करता येते का? नंतर खात्याने त्रास दिला तर?

निनावी तक्रार बहुतेक ठिकाणी घेत नाहीत, कारण फाइल कुणाची मागवायची हेच कळत नाही. नाव गोपनीय ठेवण्याची विनंती मात्र करता येते. जिथे स्वतःहून चौकशीचा अधिकार आहे (प्रश्न १०), तिथे नाव न घेताही विषय हाती घेता येतो. त्रास सुरू झाला, तर तो स्वतंत्र तक्रारीचा विषय आहे. लगेच लिहा, तारखांसह.

१६. ओम्बुड्समननेच माझी तक्रार फेटाळली. आता पुढे?

आधी फेरविचार मागा. नवा कागद असेल किंवा तुमचा एखादा मुद्दा वाचलाच गेला नसेल, तर फेरविचाराला अर्थ असतो. 'निकाल पटला नाही' एवढ्यावर तो क्वचितच होतो. काही देशांत कोर्टात जाता येतं, पण कोर्ट निष्कर्ष बरोबर की चूक हे पाहत नाही, तपासाची पद्धत योग्य होती का एवढंच पाहतं. युरोपीय न्यायालयाने संघाच्या ओम्बुड्समनकडून नुकसानभरपाई मागता येते हे मान्य केलं आहे, मात्र अगदी अपवादात्मक प्रकरणांत.

एक सावधगिरी बाळगा. ओम्बुड्समनकडे तक्रार चालू असताना कोर्टाची किंवा अपिलाची मुदत आपोआप थांबते असं धरून चालू नका. अनेक देशांत ती चालूच राहते. दोन्ही तारखा पहिल्याच दिवशी लिहून ठेवा, आणि अपिलाची मुदत आधी संपत असेल तर आधी अपील दाखल करा.